मोठ्या इमारतींचा वीजहिशेब



या व्यासपीठावर विद्वान वक्ते येऊन जातात. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. त्यामुळे चालकांनी विषय विचारला तेव्हा, कामगार चळवळीचा माणूस संपावर बोलेल, फार तर बोनसवर बोलेल, अशीच त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘मोठ्या इमारतींचा वीजहिशेब’ असे लिहून पाठविले, तेव्हा त्यांनी दूरध्वनी करून विषय बरोबर लिहिला आहे ना, अशी खात्री करून घेतली! विषय बरोबर आहे. मालकाच्या इमारतीत वीज किती जळते याची चौकशी कामगाराच्या संघटनेने कशाला करावी, हेच आज सांगावयाचे आहे.

विजेचे आणि कामगाराचे नाते जुने आहे. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतून विजेचे दिवे लागले. तोपर्यंत सूर्य मावळला की गिरणी थांबे. दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. विजेमुळे मालकाला रात्र उरली नाही, म्हणून कामगारालाही उरली नाही. पुढे ओरड झाली, चौकशी झाली आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. पण मर्यादा घालणे वेगळे आणि ती पाळली जाते की नाही हे कळणे वेगळे. त्यासाठी रजिस्टर लागते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कामगारांचे रजिस्टर ठेवणे आणि ते निरीक्षकाला दाखविणे मालकाला भाग पाडले, ते याच कारणाने. जे लिहिलेले नाही ते मागता येत नाही. आणि जे लिहून कुलपात ठेवले आहे तेही मागता येत नाही. चळवळीतल्या तीस वर्षांत आम्ही दुसरे काही शिकलो नसलो तरी एवढे शिकलो.

हाच नियम इमारतीला लावून पाहा. मोठी इमारत म्हणजे काय? दहा मजल्यांची कचेरी घ्या, रुग्णालय घ्या, हॉटेल घ्या, नाही तर अलीकडे गावोगाव उभे राहिलेले मॉल घ्या. तिच्या तळघरात पंप असतात, गच्चीवर पाणी थंड ठेवणारे मनोरे असतात, चिलर नावाची अवाढव्य यंत्रे असतात, चार-सहा लिफ्ट असतात, वीज गेली तर डिझेलवर चालणारा जनरेटर असतो आणि दिव्यांची तर गणतीच नसते. एखाद्या छोट्या कारखान्याएवढी वीज ही इमारत खाते. पण कारखान्यात निदान एवढे तरी ठाऊक असते की, इतक्या विजेत इतका माल निघाला. इमारतीतून माल निघत नाही. म्हणून वीज कोठे गेली हे कोणी विचारीत नाही. बिल हिशेबखात्यात जाते. तेथील कारकून ते मुदतीत भरतो आणि फायलीला लावतो. प्लँटमधला ऑपरेटर दर तासाला यंत्रावरचे आकडे लॉगबुकात लिहितो. ते लॉगबुक भरले की कपाटात जाते. बिल आणि लॉगबुक एका टेबलावर कधी येतच नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा.

येथे आमच्या चुकीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत आमची युनियन होती. व्यवस्थापनाने प्रत्येक मजल्याला वेगळा मीटर बसविण्याचे ठरविले. आम्ही सभा घेतली आणि विरोधाचा ठराव केला. आमचे म्हणणे असे की, आज मजल्यावर मीटर येईल, उद्या माणसाच्या मानेवर येईल. कोण किती वेळ बसला, कोणत्या खोलीत पंखा चालू होता, यावरून माणसांना धारेवर धरतील. ठराव टाळ्यांत मंजूर झाला आणि मीटर आले नाहीत. आम्हांला मोठा विजय झाल्यासारखे वाटले.

दीड वर्षाने नोटीस लागली. विजेचे बिल परवडत नाही, सबब खर्चात कपात करावयाची आहे, म्हणून प्लँटमधील रात्रपाळीची सहा माणसे कमी करण्यात येतील. सगळे कंत्राटी. त्यांपैकी दोघे तर नोटीस वाचून, कोर्टकचेरी नको, म्हणून हिशेब घेऊन गावी निघून गेले. उरलेल्या चौघांसाठी आम्ही भांडायला उभे राहिलो. पण भांडायला हातात काय होते? बिल वाढले हे खरेच होते. का वाढले, कोठे वाढले, हे आम्हांला ठाऊक नव्हते आणि मालकालाही नव्हते.

तेव्हा त्या चौघांतला एक वयस्क ऑपरेटर युनियनच्या कचेरीत आला. शिक्षण आठवीपर्यंतचे. खांद्यावर पोते. त्यातून त्याने लॉगबुके काढून टेबलावर रचली आणि म्हणाला, “भाऊ, अकरा वर्षं लिहितोय. आजवर कुणी पान उलटलं नाही. तुम्ही तरी बघा.”

आम्ही तीन रात्री बसून ती पाने पाहिली. त्यात असे निघाले की, दुसरा चिलर पहाटे पाच वाजता सुरू होई. कचेरी उघडे साडेनऊला. शनिवारीही तो दिवसभर चाले. आणि त्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा होऊन तर कित्येक वर्षे लोटली होती! पहाटे पाचला चिलर लावण्याचा हुकूम पूर्वीच्या एका अधिकाऱ्याने दिला होता. तो निवृत्त झाला; त्याचा हुकूम निवृत्त झाला नव्हता. ऑपरेटरने एकदोनदा विचारून पाहिले, तर “तुला सांगितलंय तेवढं कर” असे उत्तर मिळाले. मग तो बिचारा रिकाम्या मजल्यांना थंड करीत राहिला आणि इमानाने लिहीत राहिला.

आम्ही लॉगबुके आणि बारा महिन्यांची बिले घेऊन व्यवस्थापकांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता; त्याने हे कधी पाहिलेच नव्हते. एक महिना शनिवारचा आणि पहाटेचा चिलर बंद ठेवून पाहावा, असे ठरले. महिन्याचे बिल आले आणि चौघांची नोटीस मागे घेतली गेली. कारण चौघांच्या वर्षाच्या पगारापेक्षा अधिक पैसा रिकाम्या खोल्यांतून वाहून जात होता. पण मंडळी, जे दोघे गावी गेले होते ते परत आले नाहीत. दीड वर्षापूर्वी मजल्यांचे मीटर बसले असते, तर हे सारे नोटिशीच्या आधीच कागदावर आले असते. तो टाळ्यांचा ठराव आमचा होता, हे आम्ही विसरलेलो नाही.

आता हा हिशेब करावयाचा कसा, ते पाहू. त्यात गूढ काही नाही. इमारतीचे बांधलेले क्षेत्रफळ चौरस मीटरांत काढा. लागोपाठ बारा महिन्यांची बिले घ्या. बाराच, कारण आपला मे आणि आपला डिसेंबर सारखे नाहीत. सर्व मीटरांवरील युनिटांची बेरीज करा; जनरेटरची वीज त्यात मिळवा, नाही तर हिशेब लंगडा राहतो. त्या बेरजेला क्षेत्रफळाने भागा. दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिटे लागली, तो आकडा निघेल. समजा, इमारत दहा हजार चौरस मीटरची आहे आणि वर्षाला अठरा लाख युनिटे लागली, तर आकडा आला १८०. आपल्या केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ साली कचेऱ्यांच्या इमारतींना तारे देण्याची योजना काढली, ती याच आकड्यावर. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत, निम्म्याहून अधिक जागा वातानुकूलित असेल, तर त्या योजनेच्या पहिल्या कोष्टकाप्रमाणे १७५ ते २०० ला एक तारा आणि १०० च्या खाली पाच तारे. म्हणजे आमची ही काल्पनिक इमारत एका ताऱ्याची. तिने चार लाख युनिटे वाचविली तर आकडा १४० वर येईल आणि ती तीन ताऱ्यांची होईल.

पण आकडा एकटा कधी खरे बोलत नाही. रुग्णालय चोवीस तास चालते आणि कचेरी दहा तास. त्यांची तुलना करणे म्हणजे बैल आणि रेडा एका जुवाला जुंपणे. एखाद्या इमारतीचे निम्मे मजले ओस असतील, तर तिचा आकडा सुंदर दिसेल. तो काटकसरीचा नव्हे, ओसाडीचा आकडा. म्हणून हिशेबात कामाचे तास, माणसांची संख्या आणि हवामान ही धरावीच लागतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ‘एनर्जी स्टार’ या योजनेखाली इमारतीच्या मालकांसाठी जी हिशेबाची पद्धत तयार केली, तिच्यात हे सर्व विचारले जाते आणि इमारतीला १ ते १०० पर्यंत गुण मिळतात. ५० म्हणजे त्या जातीच्या इमारतींतली मधली; ७५ च्या वर म्हणजे उत्तम. या पद्धतीने सतत हिशेब ठेवणाऱ्या ३५,००० इमारतींचा त्या खात्याने २०१२ साली आढावा घेतला, तेव्हा २००८ ते २०११ या तीन वर्षांत त्यांचा ऊर्जेचा वापर सरासरीने ७ टक्के उतरलेला दिसला. अर्थात ज्याला सुधारावयाचे असते तोच हिशेब ठेवतो, हेही ध्यानात घ्यावे. आरशात पाहिल्याने तोंड धुतले जात नाही. पण डाग कोठे आहे ते कळते.

अमेरिकेची गोष्ट निघाली म्हणून न्यूयॉर्क शहराचे थोडे सविस्तर सांगतो. कारण आपखुशीच्या हिशेबावर न थांबता तो कायद्याने सक्तीचा करण्याचे काम त्या शहराने केले. तेथील हवा बिघडविणाऱ्या वायूंपैकी सुमारे दोनतृतीयांश वायू मोटारींमुळे नव्हे, तर इमारतींमुळे निघतात, असे आढळले. मग २००९ साली नगरपरिषदेने चौऱ्याऐंशी क्रमांकाचा स्थानिक कायदा केला. ५०,००० चौरस फुटांवरील प्रत्येक इमारतीच्या मालकाने दर वर्षी १ मेपर्यंत मागील वर्षाचा ऊर्जेचा आणि पाण्याचा हिशेब शहराला द्यावयाचा. कामगारदिनी मालकाने हिशेब द्यावा, हा योगायोग आम्हांला फार आवडला! २०१६ च्या कायद्याने ही मर्यादा २५,००० चौरस फुटांवर आणली. हिशेब न देणाऱ्यास दर तिमाहीला ५०० डॉलर दंड. आणि मुख्य गोष्ट ही की, आलेले आकडे नगरपालिका प्रसिद्ध करते. कोणीही नागरिक ते पाहू शकतो.

२०२० पासून आणखी एक पाऊल पुढे पडले. इमारतीच्या दाराशी तिची श्रेणी लावावयाची: ८५ गुणांपासून पुढे ए, ७० पासून बी, ५५ पासून सी, त्याखाली डी, आणि हिशेबच न दिला तर एफ, म्हणजे नापास. गगनचुंबी इमारतीच्या संगमरवरी दारावर ‘डी’ लागलेली पाहून जाणारायेणाराला काय वाटत असेल, याची कल्पना करावी. पुढे २०१९ च्या सत्त्याण्णव क्रमांकाच्या कायद्याने २०२४ पासून वायूंच्या उत्सर्जनावर मर्यादा घातली आणि मर्यादेपलीकडच्या दर टनाला २६८ डॉलर दंड ठेवला. क्रम लक्षात घ्या: आधी लिहा, मग दाखवा, मग कमी करा. दहा वर्षांचे आकडे हाती नसते, तर मर्यादा किती घालावी हे कोणी कशावरून ठरविले असते?

त्या शहरातील एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची, १०२ मजल्यांची. २००९ मध्ये तिच्या दुरुस्तीची योजना जाहीर झाली. वीज कोठे जाते याचा आधी कसून हिशेब केला आणि मग ३८ टक्के बचतीचे उद्दिष्ट ठरविले. सुमारे साडेसहा हजार खिडक्या होत्या. त्या फेकून नव्या आणल्या नाहीत. इमारतीतच एका मजल्यावर कारखाना मांडून जुन्याच काचा नव्याने बांधून घेतल्या. उष्णता देणाऱ्या नळ्यांच्या मागे परावर्तक पत्रे लावले, चिलर सुधारले. हिशेब आधी केला म्हणून नवे यंत्र कोठे लागते आणि कोठे जुनेच पुरते, हे कळले. आणि ते काम माणसांच्या हातांनीच झाले. बचत म्हणजे कामगारकपात, हे समीकरण खोटे आहे, याचा एवढा उंच पुरावा दुसरा नसेल.

तेथील इमारत कामगारांची ‘३२ बीजे’ नावाची जुनी संघटना आहे. दारवान, झाडूवाले, इमारतीची यंत्रे सांभाळणारे असे तिचे सभासद. हा कायदा येत होता तेव्हा त्या संघटनेने आमच्यासारखा विरोधाचा ठराव केला नाही. तिने एका वर्षात एक हजार इमारत-सांभाळकांना ऊर्जाबचतीचे शिक्षण देण्याची मोहीम काढली. हिशेब येणारच आहे, तर तो वाचणारा आमचा माणूस असू दे, असा तो विचार. आम्ही जे ठोकर खाऊन शिकलो ते त्यांनी आधी ओळखले.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणण्याची आपल्याला खोड आहे. ती बरी नव्हे. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो निघाला. परीक्षा घेऊन ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक तयार होतात. २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींच्या बांधणीसाठी ऊर्जासंहिता आली. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. पण संहिता मुख्यतः नव्या बांधकामासाठी आहे आणि कचेऱ्यांची ताऱ्यांची योजना आपखुशीची म्हणून निघाली. जुनी, रोज वीज जाळणारी इमारत दर वर्षी किती जाळते, हे दारावर लिहून ठेवण्याची सक्ती आपल्या शहरांत नाही. पाच तारे मिळविणारा फलक लावतो. ज्याला एकही तारा नाही तो गप्प बसतो. आणि ज्याचा आकडा हवा असतो, तो नेमका हाच!

मालकवर्गाच्या अडचणी आम्ही ऐकल्या आहेत. ते म्हणतात, भाडेकरूंचे मीटर निराळे, त्यांची बिले आम्हांला दिसत नाहीत. अडचण खरी आहे, पण तोडही आहे. वीजकंपनीने एका इमारतीतील सर्व मीटरांची एकत्र बेरीज मालकाला द्यावी. कोणा एकाचे बिल उघड होत नाही आणि इमारतीचा आकडा मिळतो. न्यूयॉर्कमध्ये असेच करतात. दुसरे म्हणणे असे की, नवा चिलर आम्ही घ्यावयाचा आणि बिल वाचणार भाडेकरूचे, मग आम्ही का घ्यावा? हे भांडण खरे पैशाचे आहे. पण बचतीचे वाटे करावयाचे तर आधी बचत किती ते कळले पाहिजे. वाटणीचे भांडणसुद्धा हिशेबावाचून नीट होत नाही. तिसरे म्हणणे खर्चाचे. एक वही, बारा बिले आणि भागाकार, एवढ्यावर सुरुवात होते. ऑस्ट्रेलियात २०१० च्या कायद्याने मोठी कचेरी विकताना किंवा भाड्याने देताना तिचा ऊर्जेचा दर्जा जाहीर करणे सक्तीचे झाले. म्हणून तेथील इमारतींचा व्यापार बुडाला नाही.

आमच्या कामगार बंधूंची भीतीही आम्ही झटकून टाकीत नाही, कारण ती एके काळी आमचीच होती. मीटर यंत्राला लावा, माणसाला नको. हिशेब इमारतीचा जाहीर होऊ दे. त्यावरून कोणाची रोजी कापली जाणार नाही, असे करारात लिहून घ्या. आणि लॉगबुक लिहिणाऱ्याला ते वाचण्याचा आणि त्यावर बोलण्याचा अधिकार द्या. चिलर शनिवारी का चालतो, हा प्रश्न ज्याला पडला होता त्याला बोलू दिले असते, तर कित्येक वर्षांची वीज वाचली असती.

आता शेवटचा मुद्दा. कोणी म्हणेल, वीज मालकाची, पैसा मालकाचा, जळो की उरो, तुमचे काय जाते? बंधूंनो, वीज मालकाच्या भिंतीत जन्मत नाही. १९२१ साली मुळशीच्या खोऱ्यातले मावळे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. त्यांची भातखाचरे पाण्याखाली जावयाची होती ती मुंबईला वीज मिळावी म्हणून. सत्याग्रह मोडला, धरण झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याच्या विद्युतगृहातून वीज मुंबईकडे निघाली. कोयनेच्या शिवसागराखाली किती गावे गेली, आणि तेथून उठलेल्यांची पुनर्वसनाची गाऱ्हाणी अर्ध्या शतकानंतरही का मिटली नाहीत, हे साताऱ्याच्या माणसाला विचारावे. चंद्रपूरकडे औष्णिक केंद्राची राख कोणाच्या अंगणात पडते, ते तेथील माणसाला विचारावे. आम्ही वीज वापरू नये असे म्हणत नाही. विजेने कामगाराच्या घरातला अंधार गेला, तो आम्हांला परत नको आहे. पण ज्यांनी जमीन दिली त्यांच्या वाट्याचे पाणी रिकाम्या मजल्यावर शनिवारी थंड हवा होऊन उडून जावे, आणि त्याची नोंदही कोणी वाचू नये, ही आमच्या मते चोरीच आहे. फक्त तिला फिर्यादी नाही.

फिर्यादी आपण व्हावयाचे आहे. आमची सूचना साधी आहे. आरंभ सरकारी आणि सार्वजनिक इमारतींपासून करू. इंग्लंडात २००८ पासून मोठ्या सार्वजनिक इमारतींच्या दर्शनी भागात ऊर्जेचा दाखला लावतात. आपल्या नगरपालिकेची कचेरी, सरकारी रुग्णालय, नाट्यगृह, महाविद्यालय यांनी तसे करावे. बारा महिन्यांची युनिटे, क्षेत्रफळ आणि भागाकार, तीन ओळींचा फलक दाराशी लावावा. पुढल्या वर्षी त्याखाली दुसरी ओळ येईल. मग आपण नागरिक म्हणून विचारू, आकडा वाढला का, उतरला तर कसा उतरला, आणि यंत्रावरच्या माणसाला विचारलेत का? सार्वजनिक इमारतींनी हे केले, की खासगी मालकांकडे मागण्यास आपले तोंड उजळ राहील.

ज्या ऑपरेटरबद्दल सांगितले तो आता निवृत्त झाला आहे. त्याच्या जागी आलेला तरुण आकडे संगणकात भरतो. वह्यांचे पोते संपले. पण परवा तो भेटला तेव्हा आम्ही त्याला तोच जुना प्रश्न विचारला, “हे वाचतं का रे कुणी?” तो हसला आणि म्हणाला, “भाऊ, रिपोर्ट दर महिन्याला वर जातो.” वर जातो, एवढेच त्याला ठाऊक होते. तो रिपोर्ट खाली, दाराशी, तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोर आला पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.